बाळ आम्ही बघतो, तू मोठ्याला घे

(ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, दुसरं बाळ झालेल्या आणि होणाऱ्या पालकांसमोर एका बालवाडी शिक्षिकेने केलेलं भाषण, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट करून.)

नमस्कार. पाळणे, बॅगा, दुपटी सगळं घेऊन इतके जण आलात, खूप बरं वाटलं. बाळ रडलं तर उठून बाहेर जायची गरज नाही, इथेच बसून पाजा, मला मुलांच्या आवाजात बोलायची सवय आहे.

मी एकच गोष्ट सांगायला आलेय, ती आधीच सांगून टाकते. घरात दुसरं बाळ आलं की मदतीला आजी येतात, आत्या येते, मावशी येते, शेजारच्या काकू येतात, आणि सगळ्याजणी मोठ्या मुलाला उचलून बाहेर घेऊन जातात. चल आपण खाली खेळू, चल तलावपाळीला जाऊ, आज आमच्याकडे झोप, आईला त्रास देऊ नको. अगदी प्रेमाने करतात. पण त्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या जागी जाऊन बघा, त्याला ज्या माणसाची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच माणसापासून सगळे मिळून त्याला लांब नेतायत आणि तिच्याजवळ राहतंय कोण, तर ते नवीन आलेलं. म्हणून माझं म्हणणं आहे की मदत उलटी करा. बाळ तुम्ही घ्या, आणि आईला थोडा वेळ मोठ्याकडे जाऊ द्या.

यावर लगेच म्हणतात, अहो पण तान्ह्याला आईच लागते. लागतेच की. पण किती वेळ लागते त्याचा हिशोब एकदा मांडा. तान्हं बाळ 24 तासांत साधारण 8 ते 12 वेळा दूध पितं. एका वेळेचा अर्धा तास धरला तर 10 वेळांचे 5 तास झाले, आणि पहिले 6 महिने फक्त आईचं दूध हे डब्ल्यूएचओपासून, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेपासून, आपल्या आंगणवाडी सेविकेपर्यंत सगळे सांगतात, तेव्हा ते तास आईचेच, त्यात कोणी वाटेकरी नाही. पण पहिले तीन महिने बाळ दिवसाचे 14 ते 17 तास झोपतं. उरलं काय, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, अंघोळ, कपडे, खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारणं. हे बाबांना येतं, आजोबांनाही येतं, आणि बाळाला कुणाचाही उबदार खांदा थोडा वेळ चालतो. अडीच वर्षांच्या मुलाला नाही चालत. त्याला माणसं ओळखता येतात, आठवतात, आई आत आहे आणि मी बाहेर आहे हे त्याला नीट कळतं, ते सांगायला शब्द मात्र पुरेसे नसतात.

शब्द नसले की काय होतं ते आम्हाला वर्गात दिसतं. एक मुलगी, तीन वर्षांची, छान बोलणारी, स्वतःच्या हाताने डबा खाणारी, भाऊ झाल्यावर पंधरा दिवसांनी परत आली ती थेट बाहुलीच्या कोपऱ्यात गेली, बाहुलीचं दुपटं काढलं, जमिनीवर अंथरलं आणि त्यावर आडवी होऊन मला म्हणाली, मला गुंडाळ. मी गुंडाळलं. दुपटं एवढंसं, पाय गुडघ्यापासून बाहेर, पण ती डोळे मिटून पडून राहिली, मी थोपटत राहिले, बाकीची मुलं आजूबाजूला ठोकळे लावत होती. काही वेळाने उठली आणि ठोकळे खेळायला गेली. असं बरेच दिवस चाललं, मग एक दिवस तिने बाहुलीलाच गुंडाळलं आणि आपण बाजूला बसून थोपटायला लागली. घरी तिला सगळे सांगत होते की तू आता मोठी झालीस, असं काय करतेस. अहो, ती मोठी झालेली नाही! बाळ ज्या दिवशी जन्मलं त्याच्या आदल्या रात्री ती जेवढी होती तेवढीच दुसऱ्या दिवशी आहे. चड्डीत शू होणं, बाटली मागणं, कडेवर घे म्हणणं, अंगावरचं दूध मागणं, रात्री उठून रडणं, हे सगळं येतं आणि तिला थोडं लाड करून बाळ होऊ दिलं की बहुतेक वेळा जातं पण. दूध मागितलं म्हणून घाबरू नका, काही मुलं एक घोट घेऊन चव बघतात आणि निघून जातात. आणि मोठं मूल अजून पीतच असेल तर दोघांना पाजता येतं, फक्त पहिल्या दिवसांत चीक तान्ह्याला आधी मिळायला हवा.

आता एक गोष्ट जरा कळकळीने सांगते. बारशाला, बाळ बघायला येणारी माणसं मोठ्याला चिडवतात. "आता तुझं काही खरं नाही", "आता तुला कोण विचारणार", "हे बाळ आम्ही घेऊन जाऊ का?" आणि सगळे हसतात. त्या मुलाला त्यात गंमत कळत नाही, त्याला ती बातमी वाटते. आणि शेवटच्या प्रश्नाला ते "हो, न्या" म्हणालं की परत हशा, आणि मग त्याच्या हाताने बाळाला जरा जोरात लागलं की ओरडा. पाहुणे कितीही मोठे असोत, सासूबाईंच्या वयाचे असोत, तिथल्या तिथे थांबवा. "काका, असं नका म्हणू, तो इथेच आहे आणि आमचाच आहे", एवढं बाबांनी सगळ्यांसमोर बोललं पाहिजे, आईवर टाकू नका, ती बाळंतीण आहे. आणि बाळ बघायला जाताना बाळासाठी झबलं नेलंत तर नेलंत, पण दारातून आत गेल्यावर आधी मोठ्याशी बोला, खाली बसून बोला, मग पाळण्याकडे जा.

तुम्ही म्हणाल हे सगळं तुमच्या अनुभवाचं झालं. अभ्यास पण झालेले आहेत. इंग्लंडमध्ये केंब्रिजला ज्युडी डन आणि कॅरोल केन्ड्रिक यांनी 40 घरांत जाऊन, दुसरं बाळ व्हायच्या आधीपासून, पहिल्या मुलांना बघितलं. त्यांचं पुस्तक 1982 साली छापून आलं. त्यांना दिसलं की आई बाळात गुंतलेली असते त्याच वेळी मोठ्याचे उद्योग वाढतात, म्हणजे पाजायला बसली की हा पाणी सांडणार. हे आपल्याला सांगायला केंब्रिज नको, खरंय. पण दुसरी गोष्ट फार कामाची आहे. ज्या आया पहिल्या दिवसांपासून मोठ्याशी बाळाबद्दल बोलायच्या, त्याला काय हवं असेल, तो का रडतोय, त्याला काय आवडतं, म्हणजे बाळ हे एक माणूस आहे अशा पद्धतीने बोलायच्या, त्या घरातली मोठी मुलं पुढे वर्षभराने बाळाशी जास्त प्रेमाने वागताना दिसली. तर मोठ्याला विचारा, "का रडत असेल रे बाळ?" तो म्हणेल भूक लागली. "बघूया हं," म्हणा आणि पाजायला घ्या. मूल फुशारतं त्याने.

बोलण्यातलंच अजून एक. दिवसभर आपण म्हणतो, बाळ झोपलंय हळू बोल, बाळाला पाजतेय आत्ता नको, बाळामुळे बागेत जाता येत नाही. सगळ्या नाहीचं कारण बाळ. त्याऐवजी म्हणा, माझे हात आत्ता अडकलेत, दूध झालं की तुझ्या गाडीकडे येते, आणि मग खरंच जा. कधी उलटं पण मोठ्याने बोला, बाळ नुसतं चुळबुळ करत असेल तेव्हा, "थांब हं बाळा, मी आत्ता दादाचं ऐकतेय." तान्ह्याला काही फरक पडत नाही, दादाला पडतो.

हॉस्पिटलमध्ये मोठा पहिल्यांदा भेटायला येईल तेव्हा बाळ पाळण्यात किंवा आजीच्या हातात असू द्या, आईचे हात रिकामे हवेत. सिझर झालं असेल तर डॉक्टर साधारण सहा आठवडे जड उचलू नका सांगतात, आणि अडीच वर्षांचं मूल 11-12 किलोचं असतं, म्हणून "आईला लागेल, लांब हो" एवढंच त्याच्या वाट्याला येतं. उभं राहून उचलू नका, पण गादीवर बसा, टाक्यांवर उशी धरा आणि बाबांनी त्याला बाजूने कुशीत आणून बसवावं. पाजायच्या जागेजवळ एक टोपली ठेवा, त्यात पुस्तक, खाऊचा डबा, दोन गाड्या, आणि ती टोपली फक्त पाजायच्या वेळीच निघते असं ठेवा. मोबाईल मात्र देऊ नका, 8-10 वेळा पाजणं आणि दर वेळेला मोबाईल असं झालं तर दिवसाचे चार तास स्क्रीन होते, डब्ल्यूएचओने 2019 ला दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जास्तीत जास्त 1 तास सांगितलाय, आणि दोनच्या आत नकोच. शिवाय प्लेग्रुपला घालणं, पाळणा काढून वेगळ्या बेडवर झोपवणं, डायपर सोडवणं, हे बाळ यायच्या महिन्यात करू नका. दोन-तीन महिने आधी उरका नाहीतर बाळ रुळल्यावर करा.

बाबांसाठी. आईला मातृत्व रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची रजा आहे. वडिलांना केंद्र सरकारी नोकरीत 15 दिवस आहेत, प्रायव्हेटमध्ये कायदाच नाही, कंपनी देईल ते. इथून बीकेसी किंवा अंधेरीला जाणारा माणूस, घोडबंदरचं ट्रॅफिक, मग लोकल, रात्री साडेआठ-नऊला घरी, तोपर्यंत मोठा झोपेला आलेला. तरी सांगते, असेल ती सुट्टी बाळ झाल्या आठवड्यात संपवू नका. तेव्हा घरात माणसं भरपूर असतात. सव्वा महिन्यानंतर आजी गावाला परत जातात, मालिशवाली बाई बंद होते, आणि आई दोन मुलांसोबत चौदाव्या मजल्यावर एकटी उरते, ऑफिस ऐकत असेल तर थोडी सुट्टी त्या आठवड्यासाठी ठेवा. आणि घरी आल्यावर हातपाय धुवून आधी बाळ उचला, "तू जा त्याच्याकडे" म्हणा. बहुतेक बाबा मोठ्याला उचलतात कारण तो पळत येतो. त्याला मिठी मारा, मारायचीच, पण मग बाळ घ्या.

आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला 1945 साली लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गेल्या, तेव्हा तो ठाणे जिल्हाच, पालघर वेगळा झाला 2014 मध्ये. तिथे त्यांना दिसलं की मोठ्या बहिणी शाळेत येत नाहीत कारण कडेवर धाकटं असतं. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणली, विकासवाडी म्हणतात तिला, मोठीने धाकट्याला तिथेच सोडायचं आणि स्वतः शिकायला बसायचं. ती मुलगीही मूलच आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्याप्रमाणे इमारतच वेगळी केली. आपल्या टू बीएचकेमध्ये कोणी मुलीला कडेवर बाळ देत नाही, पण "ताई ना तू, तू समजून घे" हे दिवसातून कितीदा म्हणतो? लंगोट आणून देणं, अंघोळीच्या पाण्यात हात घालून बघणं असं काम हौसेने करत असेल तर करू द्या, कंटाळली की सोडू द्या.

सुरक्षेचं पटकन सांगते पण लक्ष द्या. दोघांना खोलीत एकटं सोडायचं नाही, पाणी आणायलासुद्धा नाही. राग हे कारण नाही, प्रेम आहे. दोन वर्षांचं मूल आपल्या तोंडातला शेंगदाणा प्रेमाने बाळाच्या तोंडात घालतं, थंडी वाजत असेल म्हणून तोंडावर चादर ओढतं. बाळाला उताणं झोपवा, आजूबाजूला उशा नकोत. आणि मोठ्याचं लसीचं कार्ड काढून बघा, 16 ते 24 महिन्यांत डीपीटीचा, म्हणजे डांग्या खोकल्यावरही असलेल्या लसीचा, बूस्टर असतो तो झालाय ना? डांग्या खोकला मोठ्याला झाला तर नुसता खोकला वाटतो, तान्ह्याच्या जिवावर बेततो, आणि तान्ह्याची स्वतःची त्यावरची पहिली लस, पेंटा, 6 आठवड्यांनी आहे. शाळेतून आल्यावर हात धुवून पायाची पापी घेऊ दे, तोंडाची नको.

आईबद्दल एकच. पहिले काही दिवस रडू येतं, त्याला घाबरू नका. दोन आठवडे होऊन गेले तरी उतरत नसेल, झोप लागत नसेल, मोठ्याचा नुसता आवाज नको वाटत असेल, तर ते औषधपाण्याचं काम आहे, डॉक्टरांना सांगा, आणि मनाच्या आजारांसाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मागून आजींनी विचारलं की वन बीएचके आहे, एकच खोली, मग रात्री मोठ्याने झोपायचं कुठे? खोलीत सगळ्यांनी झोपायला काही हरकत नाही आजी, उलट तान्हं आईच्याच खोलीत हवं. पण तान्ह्याची जागा वेगळी, आईच्या एका बाजूला लहान पाळणा किंवा जमिनीवर वेगळी घट्ट गादी, आणि मोठा आईच्या दुसऱ्या बाजूला, त्याच्या पलीकडे बाबा. दोन मुलं शेजारी शेजारी नकोत, मोठी मुलं झोपेत लोळतात. रात्री बाळ उठलं की आधी बाबांनी उठायचं, लंगोट बदलून बाळ आईच्या हातात द्यायचं, दूध झालं की ढेकर काढून परत जागेवर ठेवायचं, म्हणजे आईला मोठ्याच्या बाजूने फार हलावं लागत नाही आणि त्याचा हात तिच्या अंगावर असेल तर तो तसाच राहतो. तुमचा मुलगा उठत नाही म्हणताय ना, त्याला आज संध्याकाळी माझ्याशी फोनवर बोलायला सांगा.