रामकुंडावरचं आकाश आणि काचेच्या निगेटिव्ह

नमस्कार श्रोतेहो. भल्या सकाळी रामकुंडावर मोबाईलने फोटो काढला, की केशरी आकाशही येतं आणि घाटाच्या काळ्या पायऱ्याही दिसतात. खरं तर एका फोटोत हे जमणं अवघड असतं. पायऱ्या उजळाव्यात तर आकाश पांढरंफटक पडतं. म्हणून मोबाईल क्षणभरात कमीजास्त उजेडाचे अनेक फोटो घेतो आणि त्यांचा एक करतो. सेटिंगमध्ये त्याचं नाव एचडीआर.

हीच अडचण १८५०च्या दशकात फ्रान्सचे छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांना आली. तेव्हा फोटो रसायन लावलेल्या काचेवर घेत, आणि ते रसायन निळ्या प्रकाशाला फार हळवं. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पार कोरं व्हायचं. मग त्यांनी समुद्राची एक निगेटिव्ह, म्हणजे काळंपांढरं उलट उमटलेली काच, घेतली, आकाशाची दुसरी, आणि क्षितिजाच्या रेषेवर जुळवून दोन्ही एकाच कागदावर छापल्या. लाटा आणि ढग एकत्र! आज सॉफ्टवेअर करतं ते या माणसाने अंधाऱ्या खोलीत हाताने केलं. मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

रंगांचंही तेच. कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग म्हणजे सेन्सर. त्याला नुसता उजेड कळतो, रंग नाही. म्हणून त्याच्यावर लाल, हिरवे, निळे सूक्ष्म फिल्टर असतात; बहुतेक कॅमेऱ्यांत हिरवे निम्मे, कारण आपल्या डोळ्याला हिरव्यातले बारकावे जास्त कळतात. तीन फिल्टरमधून काळेपांढरे फोटो घेऊन रंग पुन्हा उभा करता येतो, हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८६१मध्ये लंडनला दाखवलं होतं.

आणि आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके! १९१२मध्ये कुंडीतलं वाटाण्याचं रोप दिवसांमागून दिवस फ्रेमफ्रेमने टिपून त्यांनी ते पडद्यावर भराभर वाढताना दाखवलं. तुमच्या मोबाईलमधलं टाइमलॅप्स ते हेच.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती. शास्त्रज्ञ हर्शेल यांची १८४२ची सायनोटाइपची, म्हणजे उन्हात निळे फोटो छापायची रीत मुलांकडून करून घ्या. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणं मिसळून, मंद उजेडात, हातमोजे घालून कागदावर लावा आणि अंधारात वाळवा. मुलांनी मोबाईलवर काढलेला फोटो काळापांढरा करून उलटवा, म्हणजे काळ्याचं पांढरं होईल, आणि पारदर्शक प्लास्टिकवर छापून घ्या. ते कागदावर ठेवा, वर काच दाबा आणि उन्हात ठेवा. नाशिकचं मार्चमधलं ऊन यासाठी झकास! कागद करडा दिसू लागला की पिवळटपणा जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवा. निळा रंग वाळता वाळता आणखी गडद होतो, तेव्हा फिका दिसला म्हणून लगेच फेकू नका.