न खाजणारा डाग

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली एक बाई माझ्याकडे तापासाठी आली होती. दंडावर रुपयाएवढा फिकट डाग होता. विचारलं, तर म्हणाली, "दोन वर्सं झाली असतील. खाजंना, दुखंना, मग कशाला दाखवायचं?" मी गजकर्णाचं मलम लिहून दिलं आणि मोकळा झालो. गजकर्ण खाजतंच की! एवढंही माझ्या ध्यानात आलं नाही.

चार महिन्यांनी ती करंगळीवर भाजल्याचा फोड घेऊन आली. भाकरी परतताना तवा लागला आणि तिला कळलंच नाही. तेव्हा कुठं मी तिला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात घेतली. "लागेल तिथं बोट ठेवा." चांगल्या कातडीवर वात टेकली की बोट बरोबर पडायचं. डागावर टेकवली, तर ती तशीच बसून राहिली. म्हणाली, "लावताय न्हवं?"

कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिथली नस दोरीसारखी जाड लागली. कुष्ठरोग. कोडाचा डाग पांढराशुभ्र असतो आणि तिथं स्पर्श कळतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

2005 साली देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले, तेव्हा निर्मूलन झालं असं जाहीर झालं. लोकांनी ऐकलं, 'रोग गेला.' आम्हा डॉक्टरांनीही तेच ऐकलं, आणि वात कपाटात गेली.

घरी पहिला प्रश्न असतो, कुणाकडनं लागला? हा जंतू इतका सावकाश वाढतो की डाग दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी वीसही लागतात. शोधणार कुणाला? बहुतेकांच्या अंगात त्याला रोखण्याची ताकद असतेच. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत रोग्यापासून लागण होत नाही. ताट वेगळं ठेवायचं कारण नाही.

गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, 28 दिवसांचं एक पाकीट. डाग पाचापर्यंत असतील तर सहा महिने, जास्त असतील किंवा एकाहून अधिक नसा धरल्या असतील तर वर्षभर. लघवी लालसर होते, कातडी काळवंडते. त्याला भिऊ नका. मात्र मध्येच डाग लाल होऊन सुजले, नस ठणकू लागली, हातातली पकड सुटली, तर लगेच या. लोक समजतात गोळ्या बाधल्या, आणि बंद करतात. ती जंतूंविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया असते. त्यावर वेगळं औषध वेळेत दिलं, तर गेलेली ताकद बरीचशी परत येते. उशीर झाला की बोटं वाकडी होतात.

ऊसतोडीला किंवा कामासाठी चंदगड, कोल्हापूरकडे जाणार असाल, तर निघण्याआधी दवाखान्यात सांगा, उपचाराचं कार्ड बरोबर घ्या आणि पुढची पाकिटं मागा. राज्याची हद्द ओलांडली तरी गोळी तीच आहे.

त्या बाईच्या गोळ्या पुऱ्या झाल्या. करंगळी अजून बधिर आहे. तवा आता ती फडक्यानं धरते, आणि रात्री झोपताना दोन्ही हात दिव्याखाली उलटसुलट करून बघते.