म्यानात अडकलेली तलवार

(दृश्य : काळा पडदा. हाणामारीचा गलका. मग एका हाताचा क्लोजअप. कमरेपाशी काहीतरी चाचपडणारा हात.)

एका सैनिकाला तलवार उपसायची आहे, आणि ती हाताला लागत नाहीये.

शत्रूचा भाला ढालीतून आरपार येऊन कमरपट्ट्यात रुतलाय. त्या धक्क्यानं म्यान जागचं सरकलंय. उजवा हात ते शोधतोय आणि चहूबाजूंनी माणसं अंगावर येतायत.

इसवी सनापूर्वी ५४ सालचा हिवाळा. आज ज्याला आपण बेल्जियम म्हणतो, त्या भागात नर्व्ही जमातीनं एका रोमन छावणीला वेढा घातलाय. या सैनिकाचं नाव टायटस पुलो.

हा प्रसंग लिहून ठेवला खुद्द ज्युलियस सीझरनं, गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्स-बेल्जियमच्या भागातल्या, मोहिमेवरच्या आपल्या पुस्तकाच्या पाचव्या भागात. छावणीत पुलो आणि ल्युशियस व्होरेनस असे दोन सेंच्युरियन होते. सेंच्युरियन म्हणजे साधारण ऐंशी शिपायांवरचा नायक. बढतीवरून दोघांची वर्षानुवर्षं चुरस. दोघांतून विस्तव जात नव्हता. ऐन धुमश्चक्रीत पुलो ओरडला, आता कसली वाट बघतोस व्होरेनस, आजच लागू दे आपला निकाल! आणि तो तटाबाहेर पडला. आपण मागं राहिलो तर लोक काय म्हणतील, म्हणून व्होरेनसही त्याच्यामागोमाग. पुलोची तलवार अडकली तेव्हा मदतीला धावला तो हाच हाडवैरी. थोड्या वेळानं व्होरेनसचा पाय एका खोलगट जागी गेला, तो पडला, आणि त्याला वाचवायला पुलो आला. दोघंही जिवंत परतले. दोघांत सरस कोण ते ठरवता येईना, असं सीझर म्हणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

बस्स, एक परिच्छेद. ही माणसं कुठल्या गावची, घरी बायकामुलं होती का, पगार कशावर उडवत होती, याच्याशी सीझरला काही देणंघेणं नव्हतं.

(दृश्य : पुस्तकाचं पान. त्यावरून सरकणारं बोट एका ओळीवर थांबतं.)

या एका परिच्छेदातून पुढं बावीस भागांची मालिका निघाली. २००५ ते २००७ या काळात एचबीओ आणि बीबीसीनं दाखवलेली ‘रोम’. मालिकेत सीझर आहे, पॉम्पी आहे, मार्क अँटनी, क्लिओपात्रा, सगळी बडी मंडळी आहेत. पण कॅमेरा सारखा वळतो तो या दोन शिपायांकडे. लेखकांनी पुलोची चक्क पदावनती केली, त्याला साधा शिपाई केलं. तंटेखोर, दारुडा, मनाचा मोकळा. व्होरेनस मात्र नियमावर बोट ठेवणारा. बरीच वर्षं मोहिमेवर काढून तो घरी येतो, तर दारात बायको उभी, आणि तिच्या कडेवर तान्हं मूल. प्रजासत्ताक कोसळतंय की टिकतंय, हा प्रश्न त्या क्षणी तुमच्या डोक्यातून पार निघून जातो. ते मूल कुणाचं, एवढंच कळायला हवं असतं.

रोमच्या कथांची गंमत मला इथं सापडते. नोंद जिथं संपते तिथं लेखकाचा हात सुरू होतो. तो सांधा हुडकत बघायचं.

(दृश्य : गजबजलेला चौक. एक जाडजूड माणूस चौथऱ्यावर चढतो, घसा खाकरतो.)

हा माणूस बघा. ‘रोम’मधलं माझं सर्वांत आवडतं पात्र. याला धड नाव नाही. फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, उभा राहून तो मोठमोठ्यानं बातम्या सांगतो, प्रत्येक वाक्याला हाताची एक ठरीव खूण करतो, आणि मध्येच गिरणीवाल्यांच्या पिठाची जाहिरातही करून टाकतो. आपल्याकडच्या दवंडीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, फक्त ढोलकं नाही. आता यातलं खरं किती? इसवी सनापूर्वी ५९ मध्ये सीझर कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, झाला तेव्हा त्यानं सिनेटचं आणि लोकांचं रोजचं कामकाज जाहीर करण्याची पद्धत सुरू केली, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो. वक्त्यानं बोलताना हात कसे हलवावेत यावर क्विन्टिलियन नावाच्या शिक्षकानं सविस्तर लिहून ठेवलंय. म्हणजे बातम्या होत्या, हातवारे होते. पिठाची जाहिरात लेखकाच्या पदरची. पण लक्षात राहते तीच.

या मालिकेचं रोम उभं केलं होतं खऱ्या रोममध्येच, चिनेचित्ता स्टुडिओच्या आवारात. जुन्या हॉलिवूडपटांत रोम म्हणजे पांढरंशुभ्र संगमरवर, नुकतंच धुऊन ठेवल्यासारखं. इथं भिंतींना भडक रंग, त्यांवर खरडलेली वाह्यात चित्रं, गल्लीत चिखल. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहराच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. पुतळेसुद्धा रंगवलेले असत. १८६३ मध्ये रोमजवळ प्रिमा पोर्ता इथं सापडलेल्या, पहिला सम्राट ऑगस्टसच्या प्रसिद्ध पुतळ्यावर रंगाचे अंश आढळले होते. २००७ च्या ऑगस्टमध्ये चिनेचित्ताला आग लागली आणि या सेटचा काही भाग जळाला. रोम जळालं, आणि या खेपेला नीरोचा काही संबंध नव्हता.

(दृश्य : अंगठ्याचा क्लोजअप. आधी वर, मग खाली.)

जाता जाता हा अंगठा. हरलेल्या ग्लॅडिएटरला मारायचं तर अंगठा खाली, हे आपल्याला पाठ आहे. लॅटिन ग्रंथांत शब्द आहेत ते ‘वळवलेला अंगठा’ एवढेच. कुठल्या बाजूला वळवलेला ते सांगितलेलं नाही. खाली वळवला तो जेरोम या फ्रेंच चित्रकारानं, १८७२ च्या चित्रात. २००० साली आलेल्या ‘ग्लॅडिएटर’ची प्रेरणाही तेच चित्र. तिथं आपण मराठी माणसं असतो तर सरळ ठेंगाच दाखवला असता.

(दृश्य : संथ संगीत. अंधारी खोली, दिवा, लिहिणारा म्हातारा हात.)

आता दुसरं दार. इथं ना सेटवर पैसा, ना गर्दी. १९७६ मधली बीबीसीची ‘आय, क्लॉडियस’. सगळं चित्रीकरण स्टुडिओत. आखाड्यातले खेळ दाखवायचे तर कॅमेरा सज्जात बसलेल्या राजघराण्याच्या चेहऱ्यांवर, आणि आरडाओरडा बाहेरून ऐकू येणारा. पहिल्यांदा बघताना हसू येतं. मला तर एखाद्या नाटकाची तालीम बघतोय असंच वाटलं होतं. वीस मिनिटांत ते हसू मावळतं.

क्लॉडियस हा सम्राटांच्या घरातला लंगडा, तोतरा मुलगा. निसर्गानं सुरू करून अर्धवट सोडलेला माणूस, असं त्याची सख्खी आई म्हणायची. सुएटोनियसनं ते नोंदवलंय. सगळ्यांनी खुळ्यात काढलं, म्हणून तो वाचला. इसवी सन ४१ मध्ये सम्राट कॅलिग्युलाचा खून झाला तेव्हा हा पडद्यामागं लपला होता. एका शिपायाला पडद्याखालून पाय दिसले. त्यानं ओढून बाहेर काढलं, आणि मारतोय म्हणून थरथरणाऱ्या या माणसाला सम्राट म्हणून मुजरा केला. हे कुठल्याही कादंबरीकाराला सुचलं नसतं. सुचलं असतं तरी संपादकानं कापलं असतं.

पण क्लॉडियसची खरी मेख वेगळीच आहे. तो इतिहासकार होता. एट्रुस्कन लोकांवर, म्हणजे रोमच्या आधीच्या इटलीतल्या एका समाजावर, त्यानं वीस खंड लिहिले, कार्थेजवर आठ. शिवाय आत्मचरित्राचे आठ खंड. यातलं काहीही आज उरलेलं नाही. १९३४ मध्ये रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीनं नेमकी ही रिकामी जागा हेरली. हरवलेलं आत्मचरित्र जणू सापडलंय अशा थाटात त्यानं कादंबरी लिहिली. त्याच कादंबरीची आणि तिच्या पुढच्या भागाची ही मालिका.

(दृश्य : अंजिराचं झाड. पिकलेलं एक फळ.)

तिच्यातला एक प्रसंग सांगतो. म्हाताऱ्या ऑगस्टसला विषाची धास्ती बसलीय. तो आपल्या हातानं झाडावरून तोडलेली अंजिरंच खातो. पुढं तो मरणशय्येवर आहे. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर, ब्रायन ब्लेस्ड या नटाच्या चेहऱ्यावर, रोखलेला. त्याची बायको लिव्हिया बोलत असते. आपल्याला ती दिसत नाही, फक्त आवाज येतो. तुम्ही माझं ऐकायला हवं होतं, अशी ती त्याची समजूत घालतेय. तो चेहरा हलत नाही, पापणी लवत नाही, कॅमेराही हटत नाही. किती वेळ गेला याचा अंदाज राहत नाही. जीव नेमका कुठल्या शब्दावर गेला ते कळत नाही. मग ती बाहेर येते आणि जाता जाता मुलाला, टायबेरियसला, बजावते, अंजिरांना हात लावू नकोस.

अंजिरांची गोष्ट ग्रेव्हजनं रचलेली नाही. झाडावरच्या फळांना लिव्हियानं विष माखल्याची वदंता इतिहासकार कॅशियस डिओनं नोंदवून ठेवलीय, ऑगस्टसच्या मृत्यूनंतर दोनशे वर्षांनी. वदंता म्हणूनच. आजचे बहुतेक इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. ऑगस्टस पंचाहत्तरीचा होता. त्या वयात माणूस विषाशिवायही जातो. पण शिॲन फिलिप्सची लिव्हिया एकदा पाहिली की खऱ्या लिव्हियाची सुटका नाही.

याहून अन्याय झाला ॲटियावर. ऑक्टेव्हियनची, म्हणजे पुढं ऑगस्टस झालेल्या माणसाची, आई. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या एका संवादात, मुलांना शिस्तीत वाढवणाऱ्या आयांची उदाहरणं म्हणून तीन नावं येतात, त्यातलं एक तिचं. ‘रोम’ मालिकेत तीच ॲटिया कारस्थानी, विलासी, मार्क अँटनीची प्रेयसी. शिवाय खरी ॲटिया इसवी सनापूर्वी ४३ मध्ये वारली; मालिकेनं तिला लेकाची विजययात्रा बघायला चौदा वर्षं जादा जगवलंय. पॉली वॉकरनं काम असं झकास केलंय की तक्रार करायचा धीर होत नाही. मी मात्र करतो. नवी माणसं हवी तशी घडवा, पुलोला दारू पाजा. ज्या बाईबद्दल एकच बरं वाक्य शिल्लक आहे, तिचं तेवढं वाक्य तरी हिसकावू नये.

आता मला सवयच लागलीय. भाग संपला की सुएटोनियस काढायचा आणि ताडून बघायचं. घोडेस्वाराचे पाय आधी बघायचे, रिकीब दिसली की हसायचं, कारण रोमनांकडे रिकीब नव्हती. घरचे म्हणतात, तुझ्याबरोबर काही बघण्यात मजा नाही.

(दृश्य : कोल्हापूर, टाऊन हॉल संग्रहालय. काचेच्या कपाटात ब्राँझची एक छोटी मूर्ती.)

हा पोसायडन, ग्रीकांचा सागरदेव. १९४५ च्या सुमारास कोल्हापुरात, पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं, तेव्हा हा मिळाला. सोबत रोमन घाटाची ब्राँझची भांडी होती. भारताशी व्यापारात आपले वर्षाला पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) जातात, म्हणून रोमन लेखक प्लिनी कुरकुरत होता, त्याच काळातला हा व्यवहार. समुद्राचा देव गलबतातून कोकणच्या किनाऱ्याला लागला असणार, आणि मग कुठलातरी घाट चढून इकडे आला असणार.

कुणाच्या गाठोड्यातून? विकत घेतलेला, की जुगारात जिंकलेला? वाटेत त्याला कुणी नमस्कार केला असेल का?

(मूर्तीवर कॅमेरा स्थिर. पार्श्वभूमीला बैलांच्या गळ्यातल्या घंटा, चढावर लागलेली धाप.)