जुन्या बॉडीला नवी लेन्स

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय: जुन्या रेंजफाइंडरला, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्याला, आजची लेन्स लावून फिल्मवर फोटो कसे काढावेत. त्यातल्या ‘कसे काढावेत’कडे मी येणार आहे, पण आधी एका शून्याबद्दल बोलायचंय. अध्यक्षांनी घड्याळ समोर ठेवलंय, ते मला दिसतंय.

उदाहरण ठरवून घेऊ म्हणजे हवेत बोलणं नको. बॉडी लायका थ्री-एफ, जर्मनीतल्या वेट्झलारची, १९५० ते १९५७ दरम्यान निघालेली. लेन्स व्होख्टलँडर कलर-स्कोपार, ३५ मिलिमीटर, एफ २.५, आट्यांची. नाव जुनं जर्मन, पण १९९९पासून या नावाच्या लेन्सेस जपानची कोसिना कंपनी बनवते. दोघींत जवळजवळ अर्ध्या शतकाचं अंतर, तरी ही लेन्स त्या बॉडीत कुठलाही ॲडॉप्टर न लावता सरळ आटे फिरवून बसते. कशामुळे? त्या शून्यामुळे.

१९३०मध्ये लायकाला पहिल्यांदा बदलता येणाऱ्या लेन्सेस आल्या. बदलता येणाऱ्या म्हणजे काय, तर कारखान्यात त्या एकेका बॉडीला घासूनपुसून जुळवलेल्या. बॉडीच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे लेन्सवर कोरलेले असत. म्हणजे लेन्सचं लग्न लागलेलं, शेजाऱ्याच्या बॉडीवर चालायची नाही. (पुढच्या रांगेत हसू नका, तुमच्याकडेही अशी एक आहे म्हणतात.) १९३१मध्ये हे बंद झालं. लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर सगळ्या बॉडींना एकच ठरलं, २८.८ मिलिमीटर. ज्या बॉडीचं अंतर तसं जुळलेलं, तिच्या कड्यावर बारीक ‘०’ कोरायचे. पुढच्याच वर्षी, १९३२मध्ये, लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर असलेली लायका टू आली. ३९ मिलिमीटरचे आटे आणि २८.८चं अंतर हे इतकं पक्कं झालं की जपान्यांनी उचललं, सोव्हिएतांनी उचललं. त्यांच्या खारकोव्हच्या सुरुवातीच्या फेड कॅमेऱ्यांत मात्र हे अंतर कॅमेऱ्यागणिक वेगळं निघतं, तेव्हा युद्धापूर्वीची फेड हौसेने घेतलीत तर तिला नवी लेन्स लावण्याच्या भानगडीत पडू नका.

आता माझी तक्रार. शून्य फक्त कारखान्यातून निघतानाची हमी देतं. त्यानंतरच्या सत्तर वर्षांची कोण देणार? जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘उत्तम चालू स्थिती, शटर व्यवस्थित वाजतं’. अहो, हार्मोनियमसुद्धा कुणीही दाबली की वाजते. पण घेणारा बॉडी तशीच ठेवतो आणि शिल्लक पैसा सगळा लेन्सवर घालतो. मग फोटो मऊ आले की लेन्सला शिव्या. नवी लेन्स इतकी स्वच्छ रेखते की जुन्या लेन्सच्या धूसरपणात खपून गेलेली बॉडीची प्रत्येक चूक उघडी पडते. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी बॉडीची सर्व्हिस, मग लेन्स.

काय बिघडतं? पहिलं शटर. कापडी पडदे आडवे धावतात, आतलं ग्रीस सुकलं की दोन्हींचा वेग सारखा राहत नाही. सेकंदाच्या हजारांशावर दोन पडद्यांमधल्या फटीची रुंदी वाटेत बदलते आणि फ्रेमची एक बाजू काळवंडते. तपासणी सोपी आहे: एकसारख्या उजळ भिंतीचा फोटो १/१००० आणि १/२००वर घ्या. पहिल्या निगेटिव्हची एक कड पातळ, दुसरी दाट दिसली तर कारागीर गाठा.

दुसरं, पडद्याला पडणारी भोकं. इथे आरसा मध्ये नसतो. लेन्सचा फोकस अनंतावर, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं आणि कॅमेरा सूर्याकडे तोंड करून टेबलावर ठेवला, की लेन्स बहिर्गोल भिंगाचं काम करते आणि कापड जळतं. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात तर बघायलाच नको. प्रत्येक निगेटिव्हवर त्याच जागी काळा ठिपका दिसला तर समजायचं. एकच भोक असेल तर कारागीर ते बुजवतो, चाळणी झाली असेल तर पडदाच बदलावा लागतो. टोपी लावा, निदान छिद्र एफ १६पर्यंत बारीक करून ठेवा.

तिसरं, रेंजफाइंडर. लेन्सच्या मागचं कडं बॉडीतल्या बारीक चाकाला ढकलतं, आणि बॉडीला वाटतं समोर ५० मिलिमीटरची लेन्स आहे. ३५च्या लेन्समध्ये त्यासाठी वेगळं कडं असतं, ते ५०सारखं सरकतं. आधी किलोमीटरभर दूरच्या टॉवरवर दोन प्रतिमा जुळतात का बघा. मग फुटपट्टी तिरकी ठेवून एक मीटरवर, पूर्ण उघड्या ॲपर्चरला फिल्मवर फोटो घ्या. एक मीटरच्या आत जाऊ नका. नवी लेन्स ०.७पर्यंत फिरली तरी जुनं चाक तिथवर सोबत करत नाही. आता हिशेब बघा: एक मीटरवर ३५ एफ २.५ला साधारण १२ सेंटीमीटर खोलीपर्यंत सगळं स्पष्ट मिळतं, ५० एफ १.५ला जेमतेम साडेतीन. जुन्या बॉडीला एफ १.५ का लावू नये, याचं उत्तर यातच आलं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आता भराभर.

फिल्म खालून घालतात. फिल्मच्या टोकाची कारखान्यातून येणारी अरुंद जीभ चार-साडेचार सेंटीमीटरची असते. ती त्याच बाजूने, त्याच रुंदीत दहा सेंटीमीटरपर्यंत कापा, म्हणजे फिल्मच्या कडेची साधारण २१ भोकं. कात्री भोकातून गेली तर तुकडा सुटून शटरमध्ये जातो. टोक रिकाम्या रिळाच्या पट्टीखाली अडकवा, डबी आणि रीळ एकदमच खाली सरकवा. झाकण लावून फिल्म परत गुंडाळायची गुंडी थोडी ताणा, फिल्म पुढे घेताना ती फिरली तरच फिल्म चालतेय.

शटरचा वेग नेहमी फिल्म पुढे घेतल्यावर, चकती उचलून बदला. पुढची मंदगतीची चकती तिच्या सगळ्यात जलद खुणेवर ठेवा. बटण दाबताना वरची चकती फिरते. तिला बोट लागलं की एक्स्पोजर गेलं.

कॅमेऱ्याच्या खिडकीत ५०ची चौकट दिसते, ३५साठी वर वेगळा फाइंडर लावावा लागतो. दोन मीटरच्या आत त्यातून बघून काढलंत तर डोकी कापली जातात, कॅमेरा किंचित वर करा. रस्त्यावर एफ ८ला पाच मीटरवर फोकस ठेवलात तर अडीच मीटरपासून पुढे सगळं चालतं.

नवी लेन्स कॉन्ट्रास्ट जास्त देते. जुन्या लेन्सच्या आतल्या पसरट प्रकाशाने सावल्यांना जी थोडी उभारी मिळायची ती इथे नाही. म्हणून ४०० आयएसओची फिल्म २५०ची समजून प्रकाश मोजा आणि डेव्हलपिंग दहा-पंधरा टक्के कमी करा. डेव्हलपिंगच्या तक्त्यात ११ मिनिटं असतील तर साडेनऊ. तक्ता २० अंशांचा असतो आणि आपल्या नळाला उन्हाळ्यात २८चं पाणी येतं. बादलीत बर्फ घालून तापमान २०वर आणा, पण बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका.

पावसाळ्यात लेन्स आणि बॉडी वेगवेगळ्या डब्यांत, सिलिका जेल घालून. कातडी केस मात्र बाहेर, बुरशी तिथूनच सुरू होते. विचारा आता प्रश्न, पण कुठली लेन्स घेऊ हा नको.