वेल, वीट आणि आभाळ

मंडळी, नमस्कार.

व्याख्यानमालेच्या पत्रकावर 'व्हिडिओ गेममधल्या वेली' हा विषय छापून आला, आणि दोन दिवसांत चौघांनी तरी मला थांबवून विचारलं, "भाऊ, पत्रकात काही चुकलं काय?" चुकलेलं नाही. अंजनगाव सुर्जीच्या या पट्ट्यात पानमळे आणि पानपिंपरीच्या औषधी वेली यांवर घरंच्या घरं उभी राहिली आहेत. वेल कशी चढते, कशाला धरते, कुठं तुटते हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मी खेळ तयार करण्याच्या व्यवसायात आलो, आणि तिथंही मला पहिल्यांदा ओळखीची वाटली ती वेलच. म्हणून हा विषय मी दुसरीकडे कुठं बोललो नाही, इथं बोलायला ठेवला होता.

माझं लहानपण आमच्या पानमळ्यात गेलं. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत मळ्यात ओली, हिरवी सावली. पानवेलीला कारल्यासारखे तणावे नसतात. तिच्या प्रत्येक पेराला बारीक मुळ्या फुटतात आणि त्या शेवरीच्या नाहीतर पांगाऱ्याच्या सालीला धरून बसतात. एकदा मी अशी एक वेल ओढून पाहिली. टिक्‌ टिक्‌ असा आवाज करत एकेक पेर सालीवरून सुटत गेलं, आणि सालीवर मुळ्यांचे तपकिरी ठसे राहिले. आई धावत आली. "कायले वढतं रे वेलीले? तिचे हात तुटले न!" तिचे हात, असं आई म्हणाली. ते माझ्या डोक्यात राहिलं.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट. तालुक्याच्या बसस्टँडमागं एका दुकानात टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम होता. पैसे द्यायचे, अर्धा तास खेळायचं. कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची. आम्ही पोट्टे एक जण खेळायचो आणि सहा जण बघायचो. 'सुपर मारिओ ब्रदर्स' लावलेला होता. दुसऱ्या 'जगा'तला, म्हणजे खेळाच्या दुसऱ्या भागातला, पहिला टप्पा. आमच्यातल्या एकानं उडी मारली आणि त्याचं डोकं एका विटेला लागलं. बाकीच्या विटांसारखीच वीट. पण तिच्यातून एक हिरवा कोंब निघाला आणि वर चढू लागला. चढत चढत पडद्याच्या बाहेर गेला. आम्ही सगळे गप्प. मग मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, धर न त्याले!" त्यानं 'वर'चं बटण दाबलं, मारिओ वेल धरून चढला, आणि आम्ही ढगांत पोचलो. तिथं ओळीनं नाणी मांडलेली, आणि खाली एक सरकता ढग. ढग संपला की पुन्हा जमिनीवर, पण पहिल्यापेक्षा पुढच्या ठिकाणी.

हा खेळ १९८५ चा, जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा, शिगेरू मियामोतो यांच्या हाताखाली घडलेला. पुढं चौथ्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात हीच वेल याहून मोठं काम करते. तिथली लपलेली वेल धरून वर गेलं की सहाव्या, सातव्या किंवा आठव्या जगात थेट जाणारे नळ सापडतात. म्हणजे अर्धा खेळ ओलांडायचा रस्ता एका वेलीत ठेवलेला आहे. तो खिडकीत ठेवता आला असता, दरवाजात ठेवता आला असता. मग वेलीतच का ठेवला? माझं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

त्यासाठी चार वर्षं मागं जाऊ. १९८१ चा 'डाँकी काँग'. त्यात लोखंडी तुळया आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या शिड्या आहेत. शिडी दिसली की कळतं, ही कोणीतरी इथं लावली आहे. चढायचा रस्ता दुसऱ्यानं आधीच ठरवलेला आहे आणि आपण त्याच्या सोयीनं वर जातोय. दुसऱ्याच वर्षी, १९८२ मध्ये 'डाँकी काँग ज्युनिअर' आला. माकडाचं पिल्लू आपल्या कैद झालेल्या बापाला सोडवायला निघालंय, आणि पिंजऱ्याचा पहारेकरी आहे तो मारिओ. इथल्या पहिल्याच पडद्यावर शिड्या गेल्या आणि वेली आल्या. हा बदल नुसत्या चित्राचा नाही. या खेळात पिल्लानं दोन हातांत दोन वेली धरल्या तर ते झपाझप चढतं. एकच वेल धरली तर हळू चढतं, पण खाली मात्र सर्रकन घसरतं. वर जायचं तर दोन, खाली पळायचं तर एक.

हे कळण्यासाठी तुम्हाला संगणक लागत नाही. डाबडुबली खेळलेला कोणताही माणूस हे सांगेल. पुण्याकडं त्याला सूरपारंब्या म्हणतात. वडाच्या दोन पारंब्या बगलेत घेतल्या की अंग तोलून वर सरकता येतं, आणि राज्य असलेला गडी खाली काठी घेऊन आला की एक सोडायची, दुसरीवरून खाली सुटायचं. तळहाताची साल निघते, पण सुटका होते. जपानमध्ये बसून कोणीतरी नेमकी हीच गोष्ट यंत्राला शिकवली. शिडीवर तुम्ही पायरी मोजता. वेलीवर पकड मोजावी लागते.

त्याच १९८२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड क्रेन यांचा 'पिटफॉल' आला. जंगल, दलदल, मगरी, आणि त्यावर झोके घेणारी वेल. वीस मिनिटांत बत्तीस खजिने शोधायचे, पडदे दोनशे पंचावन्न, आणि हे सगळं चार किलोबाइटांत. क्रेन यांनी पडदे साठवलेच नाहीत. एका गणिती सूत्रातून प्रत्येक पडदा त्या त्या वेळी तयार होईल अशी सोय केली. तिथली वेल मात्र झोक्याची आहे, चढायची नाही. मला चढायच्या वेलीबद्दल जास्त बोलायचं आहे, म्हणून झोका इथंच सोडतो.

आता थोडं यंत्राच्या पोटात जाऊ. मारिओचा तो अख्खा खेळ, प्रोग्राम आणि चित्रं मिळून, चाळीस किलोबाइटांचा. तुमच्या मोबाईलमधला एक साधा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा इतकी कमी की आभाळातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही एकाच आकृतीची दोन रूपं आहेत, रंग तेवढा वेगळा. अशा काटकसरीत वेल फार गुणाची. छोटा चौकोनी तुकडा एकदाच काढायचा आणि तोच एकावर एक रचत न्यायचा. कितीही उंच न्या, नवीन चित्र लागत नाही.

चढण्याचं तंत्रही बघण्यासारखं आहे. उडी मारलेल्या खेळाडूला प्रोग्राम क्षणाक्षणाला खाली ओढत असतो. तेच त्या जगाचं गुरुत्वाकर्षण. खेळाडूचा हात वेलीला लागला आणि 'वर' दाबलं की प्रोग्राम ते ओढणं बंद करतो. इतकंच घडतं. पण खेळणाऱ्याला काय जाणवतं? इतका वेळ पायांचा खेळ चालला होता, धावायचं, उडी मारायची, पडायचं. आता हातांचा सुरू झाला. पडायची भीती क्षणभर थांबली. चार दिशांपैकी 'वर' ही दिशा, जिचा आतापर्यंत काही उपयोग नव्हता, तीच कामाची झाली. मी लहान मुलांना पहिल्यांदा खेळताना अनेकदा पाहिलं आहे. वेलीवर चढताना ती मानसुद्धा वर करतात. पडदा समोर आहे, तरी मान वर जाते.

आणि वेलीला भाषा लागत नाही. आम्हाला जपानी येत नव्हतं, इंग्रजीही धड येत नव्हतं. पण पडद्यावर हिरवी उभी रेघ दिसली की 'हिला धरायचं' हे आम्हाला कळलं, ओसाकातल्या मुलालाही कळलं असणार. दोरी, साखळी, शिडी यांनी हे काम होतं, पण त्या वस्तू तिथं आधीच असतात. वेल तुमच्या धडकेनं उगवते. ज्याच्या हातून ती उगवली त्याला ती आपली वाटते. मागच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. गुपित रस्ता वेलीत ठेवला, कारण वेल हा एकच असा रस्ता आहे जो तुमच्यासमोर वाढतो.

आता तक्रार. इथल्या माणसानं ती करायलाच हवी, कारण ती ओळखण्याची नजर आपल्याकडे आहे. मारिओची वेल हवेत ताठ उभी राहते. तिला मांडव नाही, शेवरी नाही, काही नाही. खरी वेल स्वतःच्या बळावर उभी राहूच शकत नाही. खोड जाड करण्यात ती शक्ती घालवत नाही, ती सगळी शक्ती लांबी वाढवण्यात घालते, आणि उभं राहण्याचं काम दुसऱ्यावर सोपवते. गडचिरोलीच्या जंगलातली माहुलवेल जाडजूड होते, तिच्या सालीचे दोर वळतात, पानांच्या पत्रावळी करतात. माणूस लोंबकळला तरी ती तुटत नाही. पण तीसुद्धा झाडाच्या खांद्यावरूनच वर जाते.

आज सकाळी मी आवारातल्या मांडवावरून कारल्याचे काही तणावे तोडून आणले आहेत. समोरच्या मुलांनो, एकेक घ्या आणि मागं द्या. तारेला धरून बसलेला तणावा आहे, त्याचा पीळ नीट बघा. एका टोकाकडून बोट फिरवत या. पीळ एका दिशेनं चाललाय. मध्यावर आलात? तिथं थोडा सरळ भाग आहे. आता पुढं बघा. (मागच्या रांगेतून एक मुलगा: "उलटा झाला!") बरोबर. पुढं तो उलट्या दिशेनं जातो. दोरीची दोन्ही टोकं घट्ट धरून तिला एकाच दिशेनं पीळ घालता येत नाही, हे चऱ्हाट वळणाऱ्याला माहीत असतं. तणाव्याचीही दोन्ही टोकं अडकलेली, एक वेलीत, एक तारेत. म्हणून तो अर्धा उजवा आणि अर्धा डावा वळतो, आणि त्याची स्प्रिंग तयार होते. वारा आला की ती ताणते, गेला की आवळते, वेल तुटत नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ साली वेलींच्या हालचालींवर लिहिताना हे उलटसुलट पीळ बारकाईनं मांडले होते. आपल्या प्रत्येक आवारात ही स्प्रिंग लोंबते आहे, आणि खेळातल्या वेलींनी बरीच वर्षं तिच्याकडं बघितलं नाही.

मध्ये एका खेळानं वेलीचं दुसरं अंग दाखवलं, ते सांगायला हवं. १९९५ चा 'डाँकी काँग कंट्री २'. त्यात काट्यांच्या जाड वेलींचे चक्रव्यूह आहेत. हात लावला की इजा. बोरीच्या जाळीत हात घातलेल्याला ते समजावून सांगायला नको. डेव्हिड वाइज यांचं त्या टप्प्यांना दिलेलं संगीत मात्र इतकं हळुवार आहे की काट्यांतून जाताना घाई करावीशी वाटत नाही.

वेल म्हणजे काय हे खऱ्या अर्थानं समजून घेतलेला खेळ माझ्या मते २०१५ चा 'ग्रो होम'. एक लहानसा लाल रोबो, नाव बड. त्याला एक प्रचंड वनस्पती दोन हजार मीटरपर्यंत वाढवायची आहे. इथं 'वर' दाबलं की चढला, असं नाही. डाव्या हाताला एक बटण, उजव्या हाताला एक. डावा हात धरायचा, उजवा पुढं टाकायचा, तो धरला की मगच डावा सोडायचा. दोन्ही सुटले की खाली. आणि वनस्पती आपोआप वर जात नाही. तिला फुटलेल्या कोंबावर बसून, त्याला वळवत वळवत, हवेत तरंगणाऱ्या खडकांपर्यंत न्यायचं. कोंब खडकात घुसला की तिथून तिला पोषण मिळतं आणि ती आणखी उंच होते. म्हणजे आधार शोधल्याशिवाय वाढ नाही. हा खेळ पहिल्यांदा खेळलो त्या रात्री मला आईचा शब्द आठवला. हात.

मला यात अजून एक गोष्ट हवी आहे, आणि ती पानमळ्यातलीच आहे. वेल उतरवणं. इथल्या ज्येष्ठांना माहीत आहे, मुलांसाठी सांगतो. वर्षभरात वेल शेवरीच्या शेंड्याला जाते, पान खुडायला हात पोचत नाही. मग तिच्या लव्हाळ्याच्या गाठी सोडायच्या, पेर न मोडता तिला सालीवरून हळूच उचलायची, खाली आणायची. खालचं पानं नसलेलं खोड बुडाशी गोल वेटोळं करून मातीत पुरायचं आणि शेंडा तेवढा पुन्हा बांधायचा. पुरलेल्या पेरांना नव्या मुळ्या फुटतात. वेल वर्षानुवर्षं चढत राहते, आणि कायम माणसाच्या हाताच्या उंचीवर राहते.

मागच्या उन्हाळ्यात भाचा सुट्टीला आला होता, नववीतला. गोडो नावाचं खेळ बनवण्याचं साधन फुकट मिळतं, त्यात आम्ही दोघांनी मिळून एक छोटा नमुना केला. वेल चढवायची, वरच्या फळ्या गाठायच्या, आणि एका उंचीनंतर ती उतरवून पुरायची, म्हणजे पुढच्या टप्प्यात ती जास्त जोमानं वाढेल. उतरवण्यासाठी त्यानं एकच बटण ठेवलं होतं. दाबलं की वेल धपकन खाली. मला म्हणाला, "मामा, चढवलेली वेल पुन्हा खाली आणायची कायले? पॉइंट तं वर आहेत."

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला मळ्यात नेलं. त्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, वेल उतरवत होते. आता त्यांचे हात थरथरतात, पण मळ्यात गेले की थरथर थांबते. डाव्या तळहातावर वेल पेलून धरलेली, उजव्या हाताच्या नखानं लव्हाळ्याची गाठ सोडायची, एक पेर सालीवरून सुटू द्यायचं, मग डावा हात वीतभर खाली. पुन्हा तेच. एका वेलीला बराच वेळ लागला. पोरगं उकिडवं बसून बघत होतं, मध्ये एकदाही मोबाईल काढला नाही.

घरी आल्यावर त्यानं संगणक उघडला आणि ते एक बटण काढून टाकलं. त्या जागी दोन केली. डाव्यानं वेल धरून ठेवायची, उजव्यानं गाठ सोडायची, आणि डावं बटण मध्येच सुटलं तर पेर मोडतं. तो नमुना मागच्या टेबलावर चालू करून ठेवलेला आहे. चहा होईपर्यंत ज्यांना खेळायचं त्यांनी रांगेनं या. आधी लहान मुलं, मग आपण.