तुडतुड्याचं पुस्तक कुठल्या कपाटात?

नमस्कार मंडळी! आज आपण रत्नागिरीत आहोत. इथलं जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं. समजा, तिथे एक बागायतदार आला आणि म्हणाला, "हापूसच्या मोहोरावर तुडतुडे पडलेत, त्यावरचं काहीतरी द्या." ग्रंथपालाने कुठल्या कपाटाकडे जायचं? शेती, कीटक, की रत्नागिरी जिल्हा?

अशा प्रश्नांतून माहितीशास्त्र, म्हणजे माहिती कशी लावायची आणि कशी शोधायची याचं शास्त्र, वाढलं, आणि प्रत्येक मुलखात त्याने वेगळं वळण घेतलं. ब्रसेल्समध्ये पॉल ओत्ले आणि आंरी ला फोंतेन यांनी 1895 पासून जगातल्या सगळ्या ग्रंथांची एकच सूची कार्डांवर करायला घेतली. सोव्हिएत रशियात 1966 मध्ये मिखाइलोव आणि सहकाऱ्यांनी या शास्त्रासाठी 'इन्फॉर्मातिका' हे नाव पुढे आणलं. तिथे सगळा भर वैज्ञानिक माहितीवर.

अमेरिकेत ग्रंथपाल मेल्विल ड्यूईंनी 1876 मध्ये ज्ञानाचे दहा वर्ग पाडले आणि प्रत्येक विषयाला आकडा दिला.

(पडद्यावर: 820 आणि 891.46)

इंग्रजी साहित्याला 820 हा अख्खा विभाग. मराठी साहित्य? 891.46. ज्ञानेश्वरांपासून आजपर्यंतचं सगळं टिंबाच्या पलीकडे! धर्माच्या वर्गातही बरीचशी जागा ख्रिस्ती धर्माला, बाकीचे सगळे 290 मध्ये. ड्यूईंनी त्यांच्याकडच्या ग्रंथालयांसाठी हे केलं, त्यांना दोष कसला द्यायचा? पण आपली बहुतेक ग्रंथालयं आजही हेच आकडे पुस्तकांवर चिकटवतात, हे मला सलतं.

कारण आपल्याकडे स्वतःची वाट होती. शियाळी रामामृत रंगनाथन मद्रासला गणित शिकवायचे. 1924 मध्ये ते विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1933 मध्ये त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण आलं. त्यांचं म्हणणं असं: तयार खण शोधत बसू नका, विषयाचे पैलू सुटे करा आणि मग जोडा. आपल्या बागायतदाराचंच बघा. पीक आंबा, क्रिया कीडनियंत्रण, ठिकाण रत्नागिरी, काळ मोहोराचा. लंडनमध्ये 1952 साली वर्गीकरणावर काम करणारा संशोधक गट जमला, त्याने ही कल्पना उचलून धरली. खरेदीच्या साइटवर तुम्ही रंग, किंमत, माप असे फिल्टर लावता ना, ती मांडणी याच जातीची.

माझी कोकणातल्या ग्रंथपालांना विनंती आहे. पुस्तकांवरचे आकडे राहू द्या. दशावतार, खाडीतली मासेमारी, काजू, कातळशिल्पं यांवरचे लेख, कात्रणं, स्मरणिका तुमच्याकडे पडून आहेत. संगणकातल्या नोंदीत त्यांच्यासाठी चार रकाने वाढवा: विषय, क्रिया, गाव, काळ. मग कातळशिल्पांवरचा लेख पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला मिळेल, आणि नुसतं 'बारसू' हे गावाचं नाव टाइप करणाऱ्यालाही.