चांदीच्या उथळ्या

[लाल कडे, पायथ्याशी पांढरी कनात]

इस्राएलच्या दक्षिण टोकाला, एलातच्या उत्तरेला, तांब्याच्या प्राचीन खाणींचा मुलूख, तिम्ना. कड्यांच्या कुशीत दिसतेय ती मिश्कानची, म्हणजे तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या देवाच्या निवासमंडपाची पूर्ण आकाराची प्रतिकृती. अंगण १०० हात लांब, ५० हात रुंद. इथलं सोनं-चांदी खरं नाही, मांडणी मात्र ग्रंथातली.

मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांकडून त्यांचा पुढारी मोशे याने या मंडपासाठी अर्पण गोळा करायचं होतं. आज्ञा अशी, की ज्याचं मन त्याला आपणहून द्यायला लावील त्याच्याकडूनच घ्या. सोनं, तांबं, निळं-जांभळं-किरमिजी सूत, बकरीचे केस, बाभळीचं लाकूड.

[फळ्यांचं बूड, जवळून]

आता खाली बघा. मंडपाच्या ४८ फळ्या, प्रत्येकीखाली दोन उथळ्या, म्हणजे फळी रोवायच्या बैठका. आतल्या पडद्याच्या खांबांखाली आणखी चार. अशा चांदीच्या १०० उथळ्या. ही चांदी मात्र मनावर सोडलेली नव्हती. वीस वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल, म्हणजे ठरलेल्या वजनाची चांदी द्यायची. श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. अशा पुरुषांची मोजदाद भरली ६,०३,५५०. ज्यावर सगळा मंडप तोलला, तिथे प्रत्येकाचा वाटा सारखा! मिश्कानची खरी थोरवी आम्हाला इथे दिसते, मंडपातल्या सोन्याच्या समईपेक्षाही इथे.

[गंगाळ]

हे याजकांनी हातपाय धुण्याचं तांब्याचं गंगाळ. स्त्रियांनी दिलेल्या आरशांतून ते घडलं. अकराव्या शतकातले भाष्यकार राशी जुनी कथा सांगतात. नटण्यामुरडण्याची ही वस्तू मोशेला नकोशी वाटली. देव म्हणाला, घे, मला हेच सगळ्यांत प्रिय. मिसरमध्ये वेठबिगारीने खचलेल्या नवऱ्यांना बायका जेवण घेऊन जात, आरशात शेजारी चेहरा धरून ‘तुमच्यापेक्षा मीच देखणी’ म्हणून चिडवत. त्या चिडवण्यातून संसार टिकले, मुलं जन्मली.

लोक रोज सकाळी आणतच राहिले. शेवटी कारागीरच मोशेकडे आले, गरजेपेक्षा जास्त झालंय म्हणाले. छावणीत दवंडी फिरली, आता काही आणू नका.

[कोश, दोन्ही बाजूंचे दांडे]

कराराच्या कोशाचे, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीचे हे दांडे कधीच काढायचे नाहीत, अशी आज्ञा. एकोणिसाव्या शतकातले रब्बी हिर्श यांनी त्यातून अर्थ काढला, की तोरा एका जागेला बांधलेली नाही. पुढे मिश्कान शिलो या गावी विसावला, मग यरुशलेमेत मंदिर झालं, इ. स. ७० मध्ये दुसरं मंदिरही पडलं.

मंडप उभारायला लागलेली कामं तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या पंडितांनी मोजली, ३९ प्रकारची. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वर्ज्य ती हीच. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजातल्या घराण्यांनी घाणा चालवतानाही शनिवार पाळला. गावकरी त्यांना ओळखत ते ‘शनिवार तेली’ म्हणूनच.